बिनबलावती

आमच्या धाकट्या सूनबाईचं गाठोडं दोन-चार दिवसांपासून बांधून दाराशी ठेवलेलं आहे. दिवाळी तोंडावर आली, तरी माहेरचं कोणी न्यायला आलं नाही. पोर येता-जाता रस्त्याकडे बघते, पण पाऊल उचलत नाही. मी म्हटलं, गाडी जुंपून देते, जा. तर म्हणते, "मुराळी आल्याशिवाय कशी जाऊ, आत्याबाई? लोक काय म्हणतील?" बरोबरच आहे तिचं. लेकीला न्यायला माहेराहून भाऊ येतो, भाऊ नसला तर चुलतभाऊ येतो, त्याला मुराळी म्हणायचं. तो आल्याशिवाय लेक आपली उठून जात नाही. गेली तर ती बिनबोलावता आली म्हणून दोन्ही गावांत बोभाटा.

पण ते गाठोडं दिसलं की मला मैनाबाई आठवते. ती आज असती तर दारातूनच ओरडली असती, "अव पोरी, तुह्या बापाचं घर हाय ते, कोन्या पाटलाचा दरबार नाई! उठ, चाल!"

मी उमरावतीत राहायला आले त्याच्या आधीची गोष्ट ही. हिवरखेडला आमचं आणि मैनाबाईचं घर लागून. मधे फक्त एक कुडाची भिंत, आणि तिला मैनाबाईनं हात जाईल एवढं भोक पाडून ठेवलेलं. त्यातून विस्तव यायचा, मीठ जायचं, आणि तिचा आवाज तर भोक नसतं तरी आला असता. बाई उंच, सावळी, हाताचे पंजे पुरुषासारखे. रस्त्यानं चालली की नवरा मागं आणि ही पुढं. सखारामभाऊजी स्वभावानं फार गरीब. त्यांना कोणी काही विचारलं, अगदी बैलाचं वय विचारलं, तरी म्हणायचे, "ते तिलेच माहीत." आणि खरंच तिला माहीत असायचं.

मैनाबाई कोणाच्याही घरी ओट्यावर बसत नसे. थेट चुलीशी. झाकण उचलायची, नाकानं हुंगायची, आणि मग त्या घरच्या बाईला सांगायची की काय चुकलं आहे. मी पहिलटकरीण, नुकती बाळंत झालेली. सासूबाईंनी मला पातळ पेज पाठवली, तेवढ्यात ही आत शिरली. बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, "हे काय बाळंतिनीचं जेवन हाय? याच्यात चंद्र पाहून घ्या!" सासूबाईंचा चेहरा असा झाला की मी डोळे मिटून घेतले. तोवर हिनं पदर खोचला, डब्यातला गूळ काढला, तूप ओतलं आणि शिरा ढवळायला बसली. "तुले कोनं बलावलं वो?" सासूबाईंनी विचारलंच. "कोनं नाई," मैनाबाई ढवळता ढवळता म्हणाली, "बलावन्याची वाट पाह्यली असती तं पोट्टी उपाशी मेली असती." सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. शिरा मात्र त्यांनीही खाल्ला.

एकदा गावात पाटलाच्या घरी मोठं लग्न निघालं. लग्नघरच्यांचं आणि हिचं पाण्यावरून काहीतरी वाजलेलं, म्हणून हिच्या घरी अक्षत आली नाही. आमच्यासारख्यांनी कडी लावून रडत बसायचं. ही सकाळीच धुतलेलं लुगडं नेसली, आपलं ताट आपल्या काखेत घेतलं आणि मांडवात जाऊन वरणाच्या पातेल्याशी उभी राहिली. नवरीची आई म्हणाली, "मैने, तुले अक्षत नोती धाडली." ही म्हणाली, "अक्षत तुमच्या घरची हाय. पोट्टी आमच्या गावची हाय. मी पोट्टीच्या लग्नाले आली." आणि दिवसभर वाढलं तिनं. जेवली सगळ्यांच्या शेवटी.

लोक हसायचे. मीही हसले आहे. पण बाईच्या या खोडीत काही होतं, ते मला फार उशिरा कळलं.

मैनाबाईचं माहेर तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यात. बापाला ही एकटीच. बाप आणि चुलता फार आधी वेगळे झालेले. जमिनीची वाटणी झालेली. बापाच्या वाट्याला जे आलं त्याला सगळे निंबाचं वावर म्हणायचे, कारण त्याच्या कडेला एक थोरला कडुनिंब होता. काळी जमीन, अशी की पावसाळ्यात पाय रुतला तर जोडा तिथंच राहावा.

बाप वारला तेव्हा मैनाबाईच्या मांडीवर पहिला मुलगा होता. तेराव्याला सगळे जमले. चुलतभाऊ संपत, तो तिच्याहून वडील, तो भरल्या पंगतीत म्हणाला, "मैने, तू सासरी. जावाई येऊन इथी वाह्यतो का? मी वाह्यतो तुहं वावर. तुह्या पोराच्या हाताले तिफन पेलली, का त्याच्या हाती देऊन टाकतो." तिफन म्हणजे पेरणीचं अवजार. बैल जुंपून ते सरळ ओळीत धरायचं म्हणजे मनगटात जोर लागतो. आमच्याकडे पोरगं मोठं झालं की नाही ते यावरूनच ठरतं. पंचांनी माना हलवल्या. कागद कोणी केला नाही. भावाकडून कागद करून घ्यायचा म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं झालं असतं. त्या दिवसात कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

मग दरवर्षी एकच दिवस ती माहेरी जायची. शितादहीचा.

उमरावतीतल्या माझ्या नातवंडांना हे सांगावं लागतं, म्हणून इथंही सांगते. कापसाची पहिली वेचणी असते, त्या दिवशी ज्या घरचं शेत त्या घरची बाई दहीभाताचं मडकं घेऊन शेतात जाते. कोपऱ्यातल्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, दहीभात वाहते, हळदकुंकू लावते, आणि पहिलं बोंड आपल्या हातानं वेचते. मग बाकीच्या बाया ओळीला लागतात. ते पहिलं बोंड दुसरं कोणी वेचत नाही. ज्याचं शेत, त्याचाच हात.

मैनाबाई आपलं दही आपल्या घरी लावायची, मडकं डोक्यावर घ्यायची आणि चालत निघायची. मुराळी नाही, निरोप नाही. एका वर्षी सोबत म्हणून मला घेऊन गेली. दिवस चांगला वर आला तेव्हा आम्ही पोचलो. बाया धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलेल्या. संपतरावाची बायको ठकूबाई मधे उभी. ठेंगणी, गोरी, जिभेला धार. हिला लांबूनच पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"आली वो बाया, बिनबलावती आली!"

"तू बलावत नाईस म्हून येत नाई का मी?" मैनाबाईनं मडकं उतरवलं.

"नणंद बलावल्याबगर येत नसते. लाज असते तिले."

"नणंद तुह्या घरी येते. मी माह्या वावरात आली. सरक."

ठकूबाई सरकली. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मैनाबाई कडुनिंबाखाली गेली, दहीभात वाहिला, पहिलं बोंड वेचलं. मग निंबाच्या वावरातला पहिल्या वेचणीचा कापूस एका धोतरात बांधायला लावून संपतरावापुढं उभी राहिली. "दादा, माहा हिस्सा टाक." तो जरा कुरकुरला, "घे वो बाई, घे तुहा हिस्सा," आणि गाठोडं तिच्या डोक्यावर चढवून दिलं. परत निघताना ठकूबाईनं मागून हाक मारली, "बिनबलावते! जेवून जाय!" आणि दोघी एका ताटात जेवल्या. भांडल्या, जेवल्या, परत भांडल्या.

वाटेत मी विचारलं, एवढ्या पिकातलं एकच गाठोडं कसं घेतेस? ती म्हणाली, "भावाचा संसार हाय, पोरी. त्याचे बैल, त्याचा घाम. पोराले तिफन पेलू दे, मंग आख्खं वावर घ्यायचंच हाय. तोवर एवढं बस झालं." आणि मग, थोडं थांबून, "पन हे मातर सोडायचं नाई. हरसाल जायचं. आपन पाहुनी नाई."

आपण पाहुणी नाही. हे तिचं पालुपद होतं. शिऱ्याच्या वेळी, लग्नाच्या वेळी, सगळीकडे. मला वाटतं ते निंबाच्या वावरातूनच आलं असावं.

मग ते कापसाचे दिवस आले. कुठं सात समुद्रापलीकडे गोऱ्या लोकांची आपसांत लढाई लागली आणि तिकडचा कापूस थांबला, असं ऐकलं. आम्हाला काय कळणार? आम्हाला एवढंच दिसलं की ज्या कापसाला कोणी विचारत नव्हतं त्याच्यामागं व्यापारी शेतापर्यंत धावत येऊ लागले. उमरावतीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग संपेना. आगगाडीचे रूळ पडत होते. बैलांच्या शिंगांना चांदी चढली. आमच्या शेजारच्यानं घोडा घेतला, आणि त्याला बसता येईना म्हणून लगाम धरून घोड्याबरोबर चालत गावातून मिरवला. जो तो वीतभर जमिनीसाठी भांडायला लागला.

नेमक्या त्याच काळात मैनाबाईच्या मुलानं तिफन धरली. सासरच्या लहानशा तुकड्यात त्यानं पेरणी केली आणि ही धुऱ्यावर उभी राहून बघत होती. ओळ सरळ निघाली. हिनं बैलांच्या पाया पडल्यासारखं केलं आणि हसत-रडत घरी आली. पुढच्या आखजीला, म्हणजे आमचं शेतीचं वर्ष ज्या दिवशी सुरू होतं त्या दिवशी, ती मुलाला घेऊन माहेरी गेली. संध्याकाळी परत आली. भिंतीच्या भोकातून काहीच ऐकू येईना. तेव्हा मीच उठून तिच्या घरी गेले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मैनाबाई मला ओट्यावर बसलेली दिसली. स्वतःच्याच ओट्यावर, पाहुण्यासारखी.

काय झालं ते मुलानं सांगितलं. संपतराव म्हणाला, "इतकी वरसं ढेकळं मी फोडली. आता सोनं पिकून राह्यलं, तं तुले वावर आठवलं?" मैनाबाई म्हणाली, "मले हरसाल आठवते, दादा. तूच तं माह्या डोक्शावर हिस्सा चढवते." त्यावर तो म्हणाला, "कोनता हिस्सा? ते तं चोळीले देलं. भयनीले देतात तसं. तू माहेरवाशीन, पाहुनी. पाहुनीले कोनी रित्या हातानं धाडते का?"

आणि मग तो आणखी एक बोलला. आता सरकारचा नवा नियम आहे, बारा वर्षं उलटून गेली की कचेरीत कोणाचा दावा चालत नाही. तुझा बाप जाऊन बारा वर्षं कधीच झाली. जा.

मैनाबाई मुलाकडे बघत होती. तो चौदा-पंधराचा असेल, खांदे रुंद झालेले. ती हळूच म्हणाली, "मी याचं मनगट पाहत राह्यली वो. सरकार वरसं मोजत होतं." मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्या वावराशिवाय पोराला काही नव्हतं. सासरचा तुकडा दोन भावांत गेला की बैल फिरवायलाही पुरायचा नाही. लोकांच्या शेतात ओळ धरायची पाळी यायची.

पण दोन दिवसांनी भोकातून आवाज आला, "पोरी! अकोल्याले चाल. साक्ष लागन तं तू एकडाव आली होतीस." सखारामभाऊजी गाडी जुंपतच होते. त्यांना विचारलं, कोणाकडे जायचं? म्हणाले, "ते तिलेच माहीत."

अकोल्याला कचेरीबाहेरच्या झाडाखाली करीमभाई मुखत्यार बसायचे. लोकांचे अर्ज लिहायचे, त्यांच्या वतीनं हाकिमापुढं बोलायचे. दाढी मेंदीची, मांडीवर फुटाण्यांचा कागद, बोलता बोलता एकेक तोंडात टाकायचे. मैनाबाई कोणाच्या ओळखीनं गेली नव्हती. सरळ जाऊन समोर बसली आणि त्यांच्याच कागदातले फुटाणे उचलून खायला लागली. त्यांनी एकदा कागदाकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि हसले. "बोलो माय."

सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "देखो माय, जमीन कोठी जात नाई. जाते तं दावा जाते. तुही जमीन दुसऱ्यानं आपली म्हून वाह्यली, न् तू बारा वरसं चूप राह्यली, का मुद्दत खतम. मंग हाकीम ऐकूनच घेत नाई."

"चूप?" मैनाबाई एवढ्यानं ओरडली की शेजारचा घोडा बिचकला. "मी न् चूप?"

"वही तो! हरसाल हिस्सा घेतला ना? मंग मुद्दत हरसाल नवी. मांगच्या सालापासून मोजायची. अर्जी भी दाखल करतो." मग त्यांनी फुटाणे बाजूला ठेवले. "लेकिन तो म्हनन का मी भयनीले चोळी देली. दया केली. दयेनं मुद्दत वाढत नाई, माय. हिस्सा होता का दया होती, हे सांगन कोन? तुह्या माहेरचे पंच?"

माहेरचे दोन पंच वारले होते. उरलेले आता संपतरावाच्या ओसरीवर बसून पानं खात होते.

"मी सांगतो," सखारामभाऊजी एकदम म्हणाले. आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं.

सुनावणीच्या दिवशी करीमभाईंनी त्यांना खरंच उभं केलं. हाकीम गोरा, तरुण, उन्हानं लाल झालेला. त्याचे सवाल शिरस्तेदार मराठीतून विचारायचा आणि जबाब लिहून घ्यायचा. शिरस्तेदारानं विचारलं, "तुमची बायको माहेराहून कापूस आणायची, तो हिस्सा म्हणून की भेट म्हणून?" भाऊजींनी घाम पुसला, हाकिमाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. "ते तिलेच माहीत, साहेब." सगळे हसले. करीमभाईंनी कपाळाला हात लावला. मैनाबाई रागावली असेल म्हणून मी तिच्याकडे बघितलं, तर ती मायेनं हसत होती.

माझीही साक्ष झाली. समोरचा मुखत्यार म्हणाला, ही शेजारीण, एकदाच गेली होती, हिला त्या घरचं काय ठाऊक? ते खरंच होतं. मी खाली बसले.

मग संपतरावाच्या बाजूनं ठकूबाई आली. नवं लुगडं, नाकात नवी नथ, सगळं कापसाच्या पैशाचं. तिला पढवून आणलं होतं, ते चेहऱ्यावरूनच दिसत होतं. खाली मान घालून बोलत होती. हो, ही आमची नणंद. हो, आम्ही तिला माहेरपणाला बोलवायचो. हो, जाताना चोळीसाठी कापूस द्यायचो, एकटी आहे, बाप नाही, म्हणून दया करून.

तेवढ्यात मैनाबाई मोठ्यानं हसली.

"माय वो! ठकूनं मले बलावलं! कोन आलतं वो मुराळी? नाव तं सांग त्याचं!"

शिरस्तेदारानं तिला गप्प केलं. पण ठकूबाईची मान वर झाली होती. शिरस्तेदारानं तोच धागा धरला. "न्यायला कोणाला पाठवायचे, सांगा."

ठकूबाई नवऱ्याकडे बघेना. ती मैनाबाईकडे बघत होती आणि मैनाबाई तिच्याकडे. इतक्या वर्षांची भांडणं त्या दोघींच्या डोळ्यांत होती, आणि एका ताटातली जेवणंही.

"मुराळी? हिले?" ठकूबाईचा आवाज चढला. "हिले कोन बलावते, साहेब? सारं गाव बिनबलावती म्हनते हिले! हातात दह्याचं मडकं, न् मधात घुसते. पह्यलं बोंड मले वेचू देत नाई. माह्या घरवाल्यापुढं उभी राह्यते न् म्हनते, दादा, माहा हिस्सा टाक. न् हे बी तसेच! घे वो बाई, घे तुहा हिस्सा, म्हनतात न् गाठोडं चढवून देतात! हरसाल!"

"म्हणजे तुम्ही दया म्हणून दिलं नाही?" करीमभाईंनी अगदी हळू विचारलं.

"दया?" ठकूबाईनं नथ सावरली. "हिच्यावर? हिनं जर कोनाची दया घेतली असती, तं मी हिले बिनबलावती काहून म्हनलं असतं?"

संपतरावानं डोळे मिटून घेतले. शिरस्तेदाराचा बोरू कागदावर कुरकुरत होता, तेवढाच आवाज. करीमभाई खाली बसले आणि खिशातून फुटाणे काढून त्यांनी मैनाबाईपुढं धरले.

हाकिमानं मग काय लिहिलं ते करीमभाईंनी आम्हाला सोप्या शब्दांत सांगितलं. संपतनं मागच्या वेचणीपर्यंत हिस्सा म्हणून हिस्सा दिला, म्हणजे वावर हिचं आहे हे तो दरवर्षी कबूल करत आला. म्हणून बारा वर्षं मोजायची ती त्या दिवसापासून, बापाच्या मरणापासून नव्हे. दावा जिवंत आहे. निंबाचं वावर मैनाबाईचं.

ठकूबाई रागाच्या भरात बोलून गेली, असं सगळे म्हणतात. संपतरावही तसंच म्हणायचा, आणि काही दिवस तिच्याशी बोलला नाही. मला ते कधी पटलं नाही. पढवलेलं खोटं ती डोळे खाली घालून बोलली आणि खरं बोलताना तिनं मान वर केली. राग आलेल्या बाईचा आवाज मला ओळखू येतो. तो आवाज तसा नव्हता. पण मी तिला कधी विचारलं नाही, आणि ती सांगणारी नव्हतीच.

संपतरावाबद्दलही मला फार वाईट बोलवत नाही. त्यानं खरोखर इतकी वर्षं त्या जमिनीत घाम गाळला होता. कापसाच्या त्या वाऱ्यात भल्याभल्यांची डोकी फिरली. पुढं तिकडची लढाई संपली, भाव कोसळला, शिंगांवरची चांदी उतरली. घोडेवाल्या शेजाऱ्यानं घोडाही विकला. तो तर त्याच्यावर एकदाही बसला नव्हता.

निकाल लागला त्या वर्षी मैनाबाईच्या मुलानं निंबाच्या वावरात पेरणी केली. सरकारी मोजणीचे लोक येऊन धुऱ्यावर दगड रोवून गेले. एका बाजूला मैनाबाईचं, दुसऱ्या बाजूला संपतरावाचं. आणि मग पहिली वेचणी आली. आम्ही उमरावतीला बिऱ्हाड हलवणार होतो, गाठोडी बांधली जात होती, तरी मी म्हटलं, एकदा हिच्याबरोबर जाऊन येऊ.

मैनाबाई नेहमीसारखी पुढं, डोक्यावर मडकं. निंबाखाली दहीभात वाहिला, पहिलं बोंड वेचलं आणि मुलाच्या हातावर ठेवलं. मुलगा ओळीला लागला. बाया वेचायला लागल्या. सगळं जसं व्हायला पाहिजे होतं तसं झालं.

आणि मग ती धुऱ्यापाशी जाऊन उभी राहिली.

पलीकडच्या शेतात ठकूबाई होती, तिच्या बाया होत्या. तिथंही शितादही व्हायची होती. इतकी वर्षं दोन्ही शेतांची शितादही एकदमच व्हायची, एकाच झाडाखाली, एकाच ताटात जेवण. आता मधे सरकारचा दगड. मैनाबाईनं त्या दगडाकडे बघितलं. पाय उचलला आणि परत ठेवला. मी तिच्या मागं उभी होते, मला तिची पाठ दिसत होती. जिनं पाटलाच्या मांडवात, माझ्या सासूच्या चुलीशी, कचेरीच्या झाडाखाली कधी कोणाच्या बोलावण्याची वाट पाहिली नाही, ती त्या वीतभर उंच बांधापाशी थांबली होती. पलीकडची जमीन आता खरोखर दुसऱ्याची होती. तिनंच कचेरीत जाऊन तसं ठरवून घेतलं होतं. आता पलीकडे ती पाहुणी होती, आणि पाहुणीला बोलावणं लागतं.

ठकूबाईनं मान वर केली. कमरेवर हात ठेवले. तिच्या नाकात ती नथ नव्हती.

"काहून उभी राह्यली वो?" ती ओरडली. "आता तुले मुराळी धाडू का?"

मैनाबाईच्या बोटांना दहीभाताची शितं चिकटली होती. तिनं हात पदराला पुसला नाही. तशीच, खरकट्या-पांढऱ्या हातानं लुगडं वर धरून, तिनं दगडावरून पाय टाकला आणि पलीकडे गेली.

"सरक," ती म्हणाली, ते मला अलीकडे ऐकू आलं. ठकूबाई सरकली.

त्यानंतर मी मैनाबाईला पाहिलं नाही.